फ्रेश एअर खरंच किती येतेय? एएचयूपाशी जाऊन मोजायची कशी

पुण्यातल्या एका ऑफिस बिल्डिंगमधली गोष्ट, नाव जाऊदे. तक्रार एवढीच की तिसऱ्या मजल्यावर जेवणानंतर सगळ्यांना जडजड होतं, झोप येते, एसी तर चालू आहे. बीएमएसच्या (बिल्डिंगची यंत्रणा कंट्रोल करणारी सिस्टिम) स्क्रीनवर फ्रेश एअर डँपर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी पात्यांची झडप, ४० टक्के उघडा, हिरव्या रंगात, सगळं छान. मी एएचयू (हवा गार करून मजल्यावर सोडणारं एअर हँडलिंग युनिट) रूममध्ये उभा राहिलो आणि ऑपरेटरला फोनवर म्हटलं ४० चे ८० कर. अ‍ॅक्चुएटर गुर्र करत फिरला, पण पाती काही हलली नाहीत. शाफ्टवरचा क्लॅम्पच ढिला, मोटर आपली एकटीच फिरतेय. किती महिन्यांपासून ते कोणालाच माहीत नाही, कारण स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसत होतं ना.

तर डँपर किती उघडा आहे हा हवेचा आकडा नाही, हवा मोजावीच लागते. ती कशी मोजायची ते याच मजल्याचे आकडे घेऊन सांगतो, म्हणजे नुसतं पुस्तकी होणार नाही.

आधी किती हवी ते काढा

हे न करता मीटर घेऊन जाऊ नका, नाहीतर आकडा हातात येतो आणि तो चांगला की वाईट तेच कळत नाही. अ‍ॅशरे ६२.१ (व्हेंटिलेशनचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे ऑफिससाठी दर माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि वर दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम. आपल्या मजल्याची ही विंग ८,००० चौरस फूट, बसणारी माणसं ९०. म्हणजे ४५० अधिक ४८०, एकूण ९३० सीएफएम. वरून गार हवा सोडणारी नेहमीची सिस्टिम असेल तर वाटपाचा फॅक्टर (हवा माणसांपर्यंत किती नीट पोचते तो) १ धरतात, त्यामुळे आकडा तोच राहतो. एएचयू १०,००० सीएफएमचा, म्हणजे साधारण ९ टक्के फ्रेश एअर. बिल्डिंगने लीड २००९ (ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेशन) मधला जास्त व्हेंटिलेशनचा पॉइंट घेतला असेल तर याच्या ३० टक्के वर, म्हणजे १,२१० च्या आसपास, तेव्हा जुनी सर्टिफिकेशनची फाइल एकदा मागून घ्या.

कॉन्फरन्स रूम वेगळी बघा. ३०० चौरस फुटात १५ जण कोंबले की ७५ अधिक १८, असे ९३ सीएफएम बाहेरची हवा लागते. त्या रूमला सप्लाय ३०० सीएफएमचा असेल आणि त्यात ९ टक्केच फ्रेश असेल तर हातात येतात २७. रिटर्नमधून फिरून येणाऱ्या हवेत थोडी न वापरलेली फ्रेश एअर असते म्हणून अगदीच गुदमरत नाही, पण मीटिंग संपता संपता सगळे जांभया का देतात ते कळलं असेल.

मीटर बाहेर काढायच्या आधी डोळ्यांनी बघा

आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये एएचयू रूमच रिटर्न प्लेनम असते, म्हणजे मजल्यावरची हवा फॉल्स सीलिंगवरून या खोलीत येते, भिंतीतल्या लूव्हरमधून (तिरप्या पात्यांची खिडकी) किंवा छोट्या डक्टमधून बाहेरची हवा येते, आणि दोन्ही खोलीतच मिसळून एएचयूच्या फिल्टरवर जातात. त्यामुळे खोलीचा दरवाजा हाही सिस्टिमचा भाग आहे, आणि यावरच मी एकदा सपशेल तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी खोलीत उकडतं म्हणून दरवाजा उघडा ठेवून रीडिंग घेतली, हवा निम्म्याहून कमी आली, तसा रिपोर्ट देऊनही टाकला. क्लायंटच्या कन्सल्टंटने दरवाजा लावून तेच परत मोजलं आणि आकडा जवळजवळ डिझाइनला टेकला. दरवाजा उघडा असला की एएचयू कॉरिडॉरमधनं आरामात हवा ओढतो, मग बाहेरच्या लूव्हरमधून ओढायला त्याला जोर कशाला लागेल. तेव्हापासून दरवाजा बंद, गास्केट बसलंय का ते बघायचं, आणि मी आत असताना कोणी ये-जा करायची नाही.

बाकी बघायचं ते असं. लूव्हरच्या मागच्या जाळीवर कबुतरांची घरटी आणि पिसं (मुंबई-पुण्यात हे हमखास), उन्हाळ्यात कोणीतरी गरम हवा नको म्हणून लावलेला पुठ्ठा, फ्रेश एअरच्या तोंडाशी रचून ठेवलेले रंगाचे डबे आणि मॉप, फिल्टर किती चोंदलेत, आणि वर सांगितला तो डँपरचा क्लॅम्प. डँपर स्क्रीनवरून हलवायला लावा आणि पाती स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोनवर कोणी "हललं साहेब" म्हटलं तर विश्वास ठेवू नका. बाहेरचं तोंड डीजी सेटच्या (डिझेल जनरेटर) धुराकडे नाही ना तेही जाता जाता बघून घ्या.

हवा आत येतेय की बाहेर जातेय हे बघायला उदबत्ती सगळ्यात स्वस्त. पण आधी डक्टमधला स्मोक डिटेक्टर कुठे आहे ते विचारा, तो फायर पॅनलला जोडलेला असतो आणि एएचयू ट्रिप होतो, मग सिक्युरिटीवाले धावत येतात ते वेगळंच.

कोणतं मीटर

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. फ्रेश एअर डक्टमधला वेग कमी असतो. आपला डक्ट ६०० बाय ३०० मिमी, म्हणजे ०.१८ चौरस मीटर, त्यातून ९३० सीएफएम जायला वेग लागतो साधारण २.४ मीटर पर सेकंद. एवढ्या वेगाला पिटॉट ट्यूबवर (दाबावरून वेग काढायची नळी) व्हेलॉसिटी प्रेशर, म्हणजे वेगामुळे येणारा दाब, येतं जेमतेम साडेतीन पास्कल, आणि साध्या मॅनोमीटरची (दाब मोजणारं मीटर) चूकच एखादा पास्कल असते. म्हणून अशा ठिकाणी हॉट-वायर (तापलेली तार हवेने किती थंड होते त्यावरून वेग सांगणारं मीटर) वापरा, किंवा मोठं तोंड असेल तर फिरत्या पात्यांचा व्हेन अ‍ॅनिमोमीटर. पिटॉट मेन सप्लाय डक्टला ठीक आहे, जिथे वेग सहा-आठ मीटर असतो. तिथेही एक लक्षात ठेवा, प्रेशरची सरासरी काढून मग वर्गमूळ घ्यायचं नाही, प्रत्येक रीडिंगचं आधी वर्गमूळ, मग सरासरी. ४ आणि १६ पास्कल अशा दोन पॉइंटांनाच पाच टक्के फरक पडतो, करून बघा.

हॉट-वायरचं एक तिरपागडं आहे. तारेचा थंडपणा हवेच्या वजनावर ठरतो, म्हणून ते १.२ घनतेच्या (किलो पर घनमीटर) स्टँडर्ड हवेचा वेग दाखवतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहे आणि एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेची घनता १.०७ च्या आसपास येते, म्हणजे खरा वेग मीटरपेक्षा १२ टक्क्यांनी जास्त. अ‍ॅशरेचे आकडे १.२ घनतेवरच दिलेत, त्यामुळे तुलना सरळ करता येते, फक्त मीटरमध्ये कोणी प्रेशर-टेंपरेचरची सेटिंग घालून ठेवलीय का ते बघा आणि आकडा स्टँडर्ड की अ‍ॅक्च्युअल हे रिपोर्टात लिहा. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट वर्षाच्या आतलं हवं, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आणि लूव्हरच्या पात्यांमध्ये मीटर धरून वेग गुणिले लूव्हरचं पूर्ण माप असं करू नका प्लीज. लूव्हरची मोकळी जागा बऱ्याचदा निम्मीच असते, फटीतला वेग जास्त दिसतो आणि उत्तर दुप्पट येतं. असे "पास" झालेले रिपोर्ट मी बघितलेत.

डक्ट ट्रॅव्हर्स

ट्रॅव्हर्स म्हणजे डक्टच्या आडव्या छेदात अनेक पॉइंटांवर वेग मोजून सरासरी काढणं. आदर्श जागा म्हणजे वळणाच्या किंवा डँपरच्या पुढे साडेसात डायमीटर सरळ डक्ट आणि मोजण्याच्या जागेपुढे आणखी तीन डायमीटर. आपल्या डक्टचा हायड्रॉलिक डायमीटर (चौकोनी डक्टसाठी धरायचा व्यास) ४०० मिमी, म्हणजे मागे ३ मीटर सरळ लागणार. एएचयू रूममध्ये आख्खा डक्टच दीड मीटरचा असतो, तर आदर्श विसरा, त्यातल्या त्यात सरळ जागा शोधा, पॉइंट वाढवा, आणि दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्या.

चौकोनी डक्टला कमीत कमी २५ पॉइंट, आणि ते समान अंतरावर नाही. लॉग-चेबिशेफ पद्धतीत पाच ओळी असतील तर बाजूच्या ०.०७४, ०.२८८, ०.५, ०.७१२ आणि ०.९२६ इतक्या अंतरावर घ्यायचे, कारण भिंतीजवळ हवा हळू असते आणि तिचा हिशोब नीट धरला जावा लागतो. ६०० मिमीच्या बाजूवर ४४, १७३, ३००, ४२७, ५५६ मिमीवर पाच होल पाडायची. प्रत्येक होलातून प्रोब २२, ८६, १५०, २१४, २७८ मिमी आत घालायचा, या खुणा आधीच प्रोबवर टेप लावून करून ठेवा, डोक्याने अंदाज घ्यायचा नाही. प्रोबवरचा बाण हवेच्या दिशेला सरळ, दहा-पंधरा अंश वाकडा झाला की रीडिंग बदलते. प्रत्येक पॉइंटवर दहा-पंधरा सेकंदांची सरासरी घ्या. पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर वाऱ्याचे झोत लूव्हरवर आदळतात आणि आकडा नाचतो, तेव्हा पूर्ण ट्रॅव्हर्स दोनदा करा आणि दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. काम झालं की होलांना रबर प्लग, नुसती अ‍ॅल्युमिनियम टेप लावली तर पुढच्या वेळी जाल तेव्हा ती सुटून लोंबत असते.

त्या दिवशी डँपर होता तसाच अडकलेला ठेवून, फॅन ५० हर्ट्झवर (म्हणजे पूर्ण स्पीडला), २५ पॉइंटांची सरासरी आली १.८३ मीटर पर सेकंद. गुणिले ०.१८ म्हणजे ०.३२९ घनमीटर पर सेकंद, गुणिले २,११९ म्हणजे ६९८ सीएफएम. पाहिजेत ९३०. पाऊण भागच येतेय.

सप्लाय मोजू, रिटर्न मोजू आणि वजाबाकी करू, हा शॉर्टकट सुचतो सगळ्यांना. १०,००० मध्ये पाच टक्के चूक म्हणजे ५००, ९,१०० मध्ये पाच टक्के म्हणजे ४५५, दोन्ही मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन) पावणेसातशेची अनिश्चितता, आणि शोधतोय काय तर ९०० चा आकडा. सोडा तो नाद.

तापमानावरून काढायचं का?

फ्रेश एअर किती टक्के याचं सूत्र सोपं: तापमान घ्यायचं, रिटर्न वजा मिक्स (दोन्ही मिसळलेली हवा), भागिले रिटर्न वजा बाहेर, गुणिले १००. पण हे कधी आणि कुठे करताय यावर सगळं आहे. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४३, रिटर्न २५, मिक्स २७.२ असेल तर १८ अंशांच्या फरकावर १२ टक्के निघतात, आणि मिक्सच्या रीडिंगमध्ये ०.३ ची चूक धरली तरी उत्तर साडेदहा ते चौदाच्या मध्येच राहतं. तेच बाहेर ३१, रिटर्न २४.५, मिक्स २५.३ असेल तर उत्तर १२ च येतं, पण ०.३ च्या चुकीने ते साडेसात ते सतरा कुठेही असू शकतं. ऑगस्टमध्ये मुंबईत तर तापमानावर जाऊच नका. तिथे बाहेरच्या हवेत दर किलोमागे ओलावा आतल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून ड्युपॉइंटवरून (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं) ग्रॅम पर किलो काढून तेच सूत्र लावलं तर काहीतरी हाती लागतं.

मिक्स मोजायचं ते कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्या) आधी, फिल्टरच्या तोंडावर, एका जागी नाही तर निदान बारा-सोळा जागी, कारण गरम आणि गार हवा खोलीत नीट मिसळत नाही, एका कोपऱ्यात २९ आणि दुसऱ्यात २५ सहज सापडतं. रिटर्न, मिक्स, बाहेर, तिन्ही एकाच थर्मामीटरने घ्या, म्हणजे त्याची स्वतःची चूक वजाबाकीत निघून जाते.

सीओटूने पडताळा

हेच सूत्र सीओटूवर पण चालतं, फक्त फ्रेश एअर ९ टक्के असेल तर रिटर्न ९०० आणि बाहेर ४३० पीपीएम असताना रिटर्न-मिक्समध्ये फरक पडतो चाळीसेक पीपीएमचा, आणि नेहमीच्या सेन्सरची चूकच तेवढी असते. वीस टक्क्यांच्या वर फ्रेश एअर असेल तरच यात पडा.

भिंतीवरचा सीओटू बघून "हजारच्या आत आहे, बरोबर आहे" म्हणणारे तर गल्लोगल्ली. बसून काम करणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५२ लिटर सीओटू सोडतो, माणशी ८ लिटर पर सेकंद म्हणजे १७ सीएफएम मिळत असेल तर आतला आकडा बाहेरच्यापेक्षा ६५० ने वर जाऊन स्थिरावतो, म्हणजे हजाराच्या वर जाऊनही व्हेंटिलेशन बरोबर असू शकतं. उलटही खरं आहे. आपल्या मजल्याची हवा बदलायला वेळ लागतो: उंची फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी धरून १२ फूट, आकारमान ९६,००० घनफूट, येणारी हवा ७०० च्या घरात, म्हणजे आकडा स्थिर व्हायला सहा तासांहून जास्त हवेत आणि तोपर्यंत लोक जेवायला उठून जातात. तो कधी पूर्ण चढतच नाही, आणि न चढलेल्या आकड्यावरून हिशोब केला की हवा आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

मला आवडते ती संध्याकाळची पद्धत. लोक घरी गेले की एएचयू तसाच ५० हर्ट्झवर चालू ठेवायला सांगायचा, चार-पाच लॉगर (सीओटूची रीडिंग नोंदवत राहणारे मीटर) मजल्यावर आणि एक बाहेर ठेवायचा (गॅलरीत सिगरेटवाले उभे असतात तिथे नको), आणि सीओटू कसा उतरतो ते बघायचं. सातला ९८०, आठला ७५०, बाहेर ४३०. बाहेरचा वजा केला की ५५० आणि ३२०. दोघांचा भागाकार १.७२, त्याचा नॅचरल लॉग ०.५४२, म्हणजे तासाला ०.५४२ वेळा हवा बदलली. ९६,००० ने गुणून ६० ने भागलं की ८६७ सीएफएम.

आता ६९८ आणि ८६७, खोटं कोण? दोघंही नाही. ६९८ स्टँडर्ड हवेचे आहेत, पुण्यात आतल्या हवेच्या घनतेला ते साडेसातशेच्या आसपास होतात. उरलेले शंभरेक म्हणजे खिडक्या, लिफ्टची लॉबी, जिन्याचा दरवाजा इथून घुसणारी हवा, जी ना फिल्टरमधून जाते ना कॉइलवरून. टॉयलेटचा एक्झॉस्ट फ्रेश एअरपेक्षा जास्त ओढत असेल तर हे लिकेज आणखी वाढतं, म्हणून तोही मोजून ठेवा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे एकमेकांना समजावून सांगता आले की मग मी रिपोर्टावर सही करतो.

फॅन हळू झाल्यावर

व्हीएफडी (फॅनचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) असेल तर एका स्पीडला मोजून थांबू नका. तोच अडकलेला डँपर, फॅन ३० हर्ट्झवर आणला तर फ्रेश एअर ४१० वर आली. खोलीतला खेच कमी झाला की बाहेरची हवाही कमी येते, टक्केवारी जवळपास तीच राहते पण माणसं तेवढीच बसलेली असतात ना. सकाळी दहाला, बाहेर गारवा असतो आणि फॅन हळू चालतो, नेमकी तेव्हाच सगळ्यात वाईट परिस्थिती. कायमस्वरूपी फ्लो स्टेशन (हवा सतत मोजणारं मीटर) बसवायचं असेल तर लीडच्या चौथ्या आवृत्तीत त्याची अचूकता डिझाइनच्या किमान फ्लोच्या १० टक्क्यांच्या आत मागितलीय, आणि या कमी वेगाला कंपनीचा सेन्सर ती देतो का ते खरेदीच्या आधीच लिहून घ्या.

सेट करणं

आम्ही क्लॅम्प घट्ट केला, स्क्रीनवर शून्य म्हणजे पाती खरंच बंद आणि शंभर म्हणजे खरंच उघडी हे जुळवलं, मग ५० हर्ट्झला ट्रॅव्हर्स करत करत ९५० वर आणलं आणि डँपरची ती पोझिशन लिहिली. ३० हर्ट्झला डँपर बराच जास्त उघडावा लागला, तीही पोझिशन लिहिली, आणि बीएमएसवाल्याला स्पीडप्रमाणे डँपर या दोन पोझिशनच्या मध्ये फिरवायला सांगितलं. शाफ्टच्या टोकावर पातीच्या दिशेने मार्करची रेघ मारली, म्हणजे पुढच्या वेळी क्लॅम्प सुटला तर नुसतं बघून कळेल. रिपोर्टात तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, फॅनचा स्पीड, फिल्टरवरचं प्रेशर, दरवाजा बंद होता हे, आणि पंचवीसच्या पंचवीस रीडिंग. नुसती सरासरी देणाऱ्याचा रिपोर्ट मी तरी घेत नाही.

ऑपरेटरची एकच काळजी होती, एवढी गरम हवा आत घेतली तर चिलरवर लोड किती येणार. हिशोब करून दाखवला: वाढलेले अडीचशे सीएफएम, बाहेर ३८, आत २४, पुण्यातला एप्रिल कोरडा, म्हणजे साधारण ०.६ टन. मजल्याचा एएचयू पंचवीस टनांचा. तो म्हणाला, "एवढंच? मग तो खालच्या मजल्याचा पुठ्ठा पण काढतो." खालच्या मजल्यावर पुठ्ठा आहे हे तोपर्यंत मला कोणी सांगितलंच नव्हतं.